एक्केचाळिसावा डाव

रात्रपाळीत आम्ही त्यांना एकमेकांवर सोडतो
जुन्या लॅपटॉपवर: बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्राम.
एकाचं नाव मुकादम, दुसऱ्याचं कारकून.
नावं मी ठेवली. खलफान 'मुकद्दम' म्हणतो आणि हसतो,
त्याच्या भाषेत तो फौजेतला बडा अधिकारी.

गावाचं नाव सूर. गाण्याशी संबंध नाही.
खिडकीबाहेर ओमानचा समुद्र,
आत त्याचंच पाणी सत्तर बार दाबाखाली
मीठ सोडून देत असतं, कुरकुरत.

मुकादम नवा, सेकंदाला वीस लाख पट चाळणारा.
कारकून जुना. चाळीस डावांत
त्यानं फार तर बरोबरी केली.
एक्केचाळिसाव्यात मुकादम हरला
आणि मी चहा तसाच ठेवून उठलो,
घरातलं कुणी जिन्यावरून पडावं तसा.

चाली मागे नेल्या.
सव्विसाव्या चालीला त्याला दिसलं होतं की वजीर जाणार.
मग त्यानं एक प्यादं दिलं.
मग आणखी एक. मग एक शह, बिनकामाचा.
दर वेळी वजीर जायची घटका दोन चाली पुढे सरकली,
सरकत सरकत त्याची नजर संपते
त्या रेघेपलीकडे गेली.
पलीकडे गेलं ते त्याच्या हिशेबी नाहीच.
पडद्यावरचा आकडा सुधारला: पांढऱ्याचं किंचित बरं.
तो समाधानानं बुडत होता.

आंधळा असता तर चाचपडला असता.
हा वीस चाली लख्ख बघणारा,
एकविसाव्या चालीला त्याच्या जगात जागाच नव्हती.

खलफानचा बाप गलबतावर होता.
तो म्हणे सांगायचा,
गलबत दिसेनासं झालं की बायका घरी जातात,
गलबत कुठं घरी जातं?

मग पटावर बोट टेकवून खलफान विचारतो,
'आणि याचा फील कधी मेला?'
मी हत्ती शोधत राहतो. तो दाखवतो उंटाकडे.
उंट हमरस्त्यात आडवे बसतात तो हा देश,
इथल्या पटावर मात्र एक उंट नाही.
आमच्या राजापुरात उंट होता तो फक्त पटावर.

तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग
तेरा दिवस झाले, वाजतंय.
कंप साडेचारवर गेला, अलार्म ओरडला,
मी मर्यादा पाचवर नेली.
पाचला ओरडला. साडेपाच.
थोडं ग्रीस, थोडा दाब कमी,
वहीत बारीक अक्षरात: 'निरीक्षणाखाली'.
सहाला माझी पाळी संपते.
सव्वासहा ही वेळ मी कधी पाहिलेली नाही.

तसा मी इथे दोन वर्षांसाठी आलो होतो.
मग मुलीची दहावी होऊ दे म्हटलं, मग बारावी,
मग स्लॅब पडू दे.
किती प्यादी गेली ते मोजायला
मागे जावं लागेल, चाल चाल करून.
ते आज नको.

पावणेपाचला अलार्म परत.
खलफाननं कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला,
तोंडातून एक शब्द काढला नाही.
मर्यादेच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता,
सहा लिहायला एक बोट पुरलं असतं.

पंप बंद केला.
शेजारचा तयार व्हायला चार मिनिटं लागतात,
तेवढा वेळ त्या इमारतीत
अकरा वर्षांत न ऐकलेली शांतता होती,
आणि तीतून समुद्र ऐकू आला, खरा, भिंतीबाहेरचा.
वहीत 'निरीक्षणाखाली' खोडलं, 'बंद' लिहिलं, वेळ घातली.
मॅनेजर कुट्टप्पनचा फोन येणार आता. शिव्या मल्याळममध्ये असतील.

लॅपटॉपवर बेचाळिसावा डाव आपोआप सुरू झाला होता.
मुकादमनं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं,
काल ढकललं होतं तसंच, बिनधास्त.
हरल्याचं त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.
'सांगू या?' खलफान म्हणाला,
आणि माझा थंड चहा पिऊन टाकला.